प्रस्तावना : नाशिकहून प्रयोगशाळेकडे

नाशिकमध्ये मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी झालेल्या मुलीला घरचे विचारतात, आता पुढे काय? उत्तरं ठरलेली असतात : औषध कंपनीत क्यूसी, नाहीतर स्पर्धा परीक्षा. दोन्ही मार्ग चांगलेच आहेत. हे पुस्तक मात्र तिसऱ्या वाटेचं, म्हणजे संशोधनातल्या नोकरीचं आहे.

ही वाट आपल्याला परकी नाही. १८९७ साली शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र उभं राहिलं, तीच आजची एनआयव्ही. पुढे पुण्यातच पेशीविज्ञानाची एनसीसीएस आणि २००६ साली विज्ञान शिक्षण व संशोधनाची आयसर आली. कर्करोगावर काम करायचं तर खारघरला ॲक्ट्रेक आहे. खुद्द नाशकात आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, आणि रक्ताच्या नमुन्यावरून कर्करोग ओळखू पाहणारी दातार कॅन्सर जेनेटिक्स अंबडला आहे. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांना ती ठाऊकही नसते.

या वाटेवर नेट या पात्रता परीक्षेचा दबदबा मोठा. तिच्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, घरभाडं वेगळं. पण नेट नाही म्हणजे दार बंद, हा समज चुकीचा आहे. प्रयोगशाळांना प्रकल्पांसाठी माणसं सतत लागतात, आणि त्यातल्या बऱ्याच जागा नेटशिवायही भरतात. जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर येते, मुलाखत अनेकदा वॉक-इन असते.

मुलाखतीत काय होतं ते सांगतो. उमेदवार येणाऱ्या तंत्रांची यादी म्हणून दाखवतो : पीसीआर, जेल, क्लोनिंग. मग समोरून प्रश्न येतो, ‘डीएनए न घातलेल्या, नुसत्या पाण्याच्या नळीतही जेलवर पट्टा दिसला तर?’ इथे पाठांतर संपतं. ज्यानं खरंच हात चालवलाय तो सांगतो, की पाण्यात, प्रायमरमध्ये किंवा पिपेटवर कुठेतरी बाहेरचा डीएनए आलाय; त्या दिवसाचे निकाल धरायचे नाहीत, उघडलेल्या नळ्या टाकून नव्या घ्यायच्या, आणि मिश्रण बनवायची जागा जेल चालवण्याच्या जागेपासून लांब ठेवायची. एवढं सांगता आलं तर गुणपत्रिका कोणी फारशी उलटून पाहत नाही.

हा हात येतो कुठून? आठवड्याभराच्या महागड्या ‘ट्रेनिंग’मधून येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे, प्रमाणपत्राला फ्रेम मात्र छान बसते. त्यापेक्षा विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप पाहा. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काम, वर विद्यावेतन. अर्ज आदल्या वर्षीच करावा लागतो, आणि नेमकं तिथेच आपली मुलं मागे पडतात.

प्रयोगशाळेत कामाची संधी मागायला शास्त्रज्ञांना ईमेल करतानाही मुलं अशीच मागे पडतात. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई असताना ‘रिस्पेक्टेड सर’ लिहून एकच मजकूर चाळीस जणांना धाडू नये. त्यांचा एक शोधनिबंध वाचा, त्यातली न कळलेली गोष्ट विचारा. उत्तर येण्याची शक्यता तिथे सुरू होते.

पहिलं प्रकरण जाहिरात कशी वाचावी यावर आहे. ‘पद तात्पुरते, प्रकल्प संपेपर्यंत’ ही ओळ सगळेच वाचतात, पण प्रकल्प कधी संपतोय हे कुणी विचारत नाही. तीन वर्षांच्या अनुदानातले सातच महिने उरले असतील, तर पुण्यात खोली घेण्याआधी ते कळलेलं बरं. मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं म्हणतात, तेव्हा हेच विचारावं. कुणी रागावत नाही.