मडगार्डवरची चार भोकं

डाव्या पुढच्या मडगार्डवरची लांबी खरवडताना पत्र्यात चार भोकं सापडली. चौकोनात, एकसारख्या मापाची, पितळेच्या डागाने बुजवलेली. गंजाने पडलेलं भोक वेडंवाकडं असतं. ही ड्रिलने पाडलेली होती.

गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. आजोबांनी १९९१ मध्ये मुंबईहून हिंगोलीला आणली. घरात तिला 'साहेबाची गाडी' म्हणतात. कुठल्याशा कंपनीच्या बड्या साहेबाने जपून वापरलेली, असं आजोबा सांगायचे आणि बाबांनी ते त्यांच्या शाळेत आयुष्यभर सांगितलं. मी टप खरवडला. राखाडीखाली पांढरा, पांढऱ्याखाली पिवळा. मग दारं खरवडली. तिथे सगळ्यात खाली काळा. मुंबईच्या टॅक्सीचं मीटर डाव्या मडगार्डवरच बसायचं.

मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर, घरूनच नोकरी करतो. माझ्या शिक्षणात इंजिन आलं ते फक्त डिग्रीच्या नावात. त्यामुळे हा इतिहास मला उलटा कळत गेला, आधी पत्रा आणि मग पुस्तकं.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी क्रायस्लरच्या मदतीने मोटारीचा कारखाना काढायचा घाट घातला, तेव्हा ब्रिटिश सरकारने दाद दिली नाही. तरी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. कुर्ल्यात आधी डॉज आणि प्लायमाउथ जोडल्या गेल्या, पुढे फियाटशी सोयरीक झाली. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली. इटलीत ते मॉडेल दोनच वर्षांनी बंद पडलं. इथे फियाटचं नाव गेल्यावर तीच गाडी प्रेसिडेंट झाली, १९७४ मध्ये पद्मिनी झाली आणि शतक संपेपर्यंत निघत राहिली. किती गाड्या काढायच्या ते परवाना ठरवायचा. १९६९ मध्ये तर किमतीही सरकारने ठरवून दिल्या आणि कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. नवी गाडी नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. आमच्यासारख्या गावाला एवढी वाट पाहणंही परवडणारं नव्हतं. मुंबईने वापरून सोडलेली गाडी हीच आमची नवी गाडी.

सगळेच त्या काळाला शिव्या देतात, मीही देतो. पण इतकी वर्षं फारशी न बदललेली गाडी दुरुस्त करणाऱ्याला वरदान असते. कुर्ल्याच्याच जुन्या पार्टांच्या बाजारातून मागवलेली काच रबरात अशी बसली की जणू तिथूनच निघाली होती.

बॉडीने मात्र घाम काढला. हिला वेगळी चासी नाही, पत्र्याचं खोकंच सगळं वजन पेलतं. दाराखालचे दोन्ही पट्टे गंजून पापड झाले होते. दोन्ही एकदम कापले असते तर गाडी मधोमध बसली असती. म्हणून आधी दाराच्या चौकटीत अँगल मारला, मग एक बाजू कापून जोडली, मग दुसरी. ताडपत्रीखालच्या या कामात अख्खा उन्हाळा गेला.

इंजिन १०८९ सीसीचं. मूळ बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. किलोमीटरचा काटा ४१ हजारांवर अडकलेला होता, पण सिलिंडर खोटं बोलत नाही. लेथवाल्या चाचांनी गेज आत सोडला, पाहिला आणि हसले. "साहेबाची गाडी? हिचं बोअरिंग आधीच झालंय, अन् पुन्हा झिजलीय." आता लायनर टाकूनच मूळ मापावर यावं लागलं.

मागचा अॅक्सल उघडला. पाट्यांची एक पट्टी तुटलेली, हाउसिंगचं सील गळकं. क्राउन आणि पिनियनचे दात नीट भिडतात का हे पाहायला खास रंग लागतो. तो मिळेना. चाचा म्हणाले, हिंगोलीत राहून रंग विकत आणतोस? त्यांनी ग्रीसमध्ये हळद कालवून दातांवर लावली आणि चाक हाताने फिरवलं. पिवळ्यात दाताच्या मधोमध स्वच्छ ठसा उठेपर्यंत शिम तीनदा बदलल्या.

मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले. बाबांनी ते मला कौतुकाने दाखवले होते. त्यामुळे भोकांचं त्यांना कसं सांगावं, हे मला सुचत नव्हतं. आधी आजीला विचारलं.

"मला ठावं हाय," आजी म्हणाली. "आणली तवाच कळालं. मागच्या सीटखाली चिल्लर घावली. किती तरी दिस घावायची. तुझे आजोबा म्हणले, पोराला सांगू नको."

बाबांना मी शेवटी मडगार्डपाशीच नेलं. त्यांनी भोकांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ गेला.

"पाव्हणे यायच्या आत बुजव," ते म्हणाले. "रंग पांढराच दे."

भोकं बुजवली, रंग पांढरा दिला. मडगार्डची आतली बाजू मात्र गंज काढून काळीच ठेवली. पहिल्यांदा गाडी सुरू झाली त्या दिवशी बाबा चाकापाशी बसले, वाकून आत पाहिलं. मग पाइप घेऊन टायर धुवायला लागले.