अफूचें व्यसन, वैद्य आणि कायदा

रोग्यास कोणतें औषध द्यावें हें वैद्यानें ठरवावयाचें कीं सरकारनें? अमेरिकेंत अफूच्या व्यसनापुरता हा वाद शंभराहून अधिक वर्षें चालला आहे.

तेथील हॅरिसन कायदा १९१४ सालचा. दिसावयास तो केवळ कराचा कायदा. अफू व कोका यांच्या पदार्थांची नोंद ठेवावी, कर भरावा, आणि डॉक्टरांनीं ते आपल्या व्यवसायापुरतेच द्यावे, एवढेंच त्यांत होतें. पण अंमलबजावणी पडली खजिना खात्याच्या हातीं! व्यसनी माणसास धडपणें जगतां यावें म्हणून मॉर्फीन देत राहणें हा वैद्यकीचा व्यवसायच नव्हे, असें त्या खात्याचें म्हणणें. १९१९ सालीं मेंफिस येथील डॉ. वेब यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें तेंच उचलून धरलें; पांच विरुद्ध चार मतांनीं. कित्येक शहरांनीं व्यसनी लोकांसाठीं दवाखाने उघडले होते, ते मग एकामागून एक बंद पडले. श्रीव्हपोर्टचा डॉ. बटलर यांचा दवाखाना १९२३ पर्यंत कसाबसा टिकला.

डॉ. लिंडर यांनीं एका बाईस मॉर्फीनची एक व कोकेनच्या तीन गोळ्या दिल्या. बाई निघाली सरकारची खबरी. १९२५ सालीं न्यायालयानें डॉक्टरांस निर्दोष ठरविलें, व्यसनी हा रोगी आहे असेंहि म्हटलें. तरी खात्यानें आपला शिरस्ता सोडला नाहीं. चार गोळ्यांपायीं वकिलाचें घर भरण्यास कोणता डॉक्टर तयार होईल? इंग्लंडांत मात्र १९२६ सालीं रोलस्टन समितीनें असा उपचार योग्य प्रसंगीं वैद्यकीच्या कक्षेंत बसतो, हें मान्य केलें.

अमेरिकेंत वारें फिरलें तें १९६४ नंतर. न्यूयॉर्क येथें डॉ. डोल व डॉ. निस्वांडर यांनीं हेरॉइनच्या व्यसनी लोकांस मेथडोन रोज तोंडावाटें देऊन पाहिलें. एका मात्रेचा परिणाम दिवसभर टिके, तलफ शमे. १९६५ सालच्या त्यांच्या वृत्तांतांत २२ रोगी आहेत. त्यांतील कित्येक पुन्हां कामाधंद्यास लागले. सरकारनें १९७२ सालीं या उपचारास नियमांत बसविलें, पण मंजूर केंद्रांपुरतेंच. रोग्यानें बहुधा रोज तेथें जावें आणि नोकरासमक्ष औषध प्यावें! १९७४ च्या कायद्यानें केंद्रांस वेगळी नोंदणीहि लावली.

२००० सालच्या कायद्यानें साध्या डॉक्टरांस थोडें दार उघडलें, आणि २००२ पासून ब्युप्रेनॉर्फीन त्यांच्या चिठ्ठीवर मिळूं लागलें. तेंहि खास परवाना घेऊन, आणि प्रथम तीसच रोग्यांस. (वर्गांत तीसच मुलें घ्यावींत असा नियम आम्हां मास्तरांस फार आवडला असता!) दुखण्यासाठीं मॉर्फीन लिहून देण्यास अशी मर्यादा नव्हती. हा परवाना २०२२ च्या अखेरीस रद्द झाला.

मेथडोन मात्र व्यसनावर द्यावयाचें तर अजूनहि नोंदलेल्या केंद्रांतूनच मिळतें. २०२४ च्या नियमांनीं, प्रकृति स्थिर असलेल्या रोग्यास अठ्ठावीस दिवसांपर्यंतचें औषध घरीं नेण्याची मुभा दिली आहे. त्याच गोळ्या अंगदुखीसाठीं हव्या असतील, तर डॉक्टरची चिठ्ठी घेऊन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानांत गेलें म्हणजे झालें.