कृश देहातील मेद

नागपूरच्या महालात काय किंवा पुण्याच्या पेठांत काय, मधुमेह हा खाऊनपिऊन सुखी असलेल्या स्थूल माणसाचा रोग, असेच आपण मानीत आलो. या समजुतीला धक्का दिला तो पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी गर्भवतींचा अभ्यास आरंभिला. तिथली नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून सुमारे ८०० ग्रॅम हलकी. तूट स्नायूंची, मेद मात्र बराचसा शाबूत. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि जॉन युडकिन शेजारी-शेजारी झळकले: उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण मेद अनुक्रमे २१.२ आणि ९.१ टक्के. रोग्याच्या ताटाला दोष देताना, घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या त्याच्या आईचे ताट आपण पाहिलेच नव्हते.