आरमाराची गोफण

जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर बसलेला गडी तुम्ही पाहिला असेल. त्याच्या हाती गोफण एकच. पाखरांचा थवा उतरला तरी तीच, रानडुक्कर घुसलं तरी तीच. माळ्यावर दगडही मोजकेच. संपले की खाली उतरून वेचायला हवेत. अमेरिकेच्या आरमारानं ऐंशी वर्षांत जो अग्निबाण घडवत आणला, त्याची हकिकत पुष्कळशी अशीच आहे.

ती सुरू होते ऑक्टोबर १९४४ मध्ये, फिलिपीन्सच्या समुद्रात. जपानी वैमानिक बाँब टाकून परत फिरेनात. विमानासकट बोटीवर येऊन आदळू लागले. तोफेच्या गोळ्यानं विमान पेटलं, तरी ते कोसळायचं बोटीवरच! तेव्हा शत्रूला दूरच गाठायला हवं होतं, आणि तो वाटेत वळला तर आपल्या बाणालाही वळता यायला हवं होतं. १९४५ च्या सुरुवातीस जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हे काम हाती घेतलं गेलं. त्याला नाव दिलं 'बंबलबी', म्हणजे आपला भुंगा. भुंगा उडेपर्यंत युद्ध संपून गेलं. १९५५ साली 'बॉस्टन' ही क्रूझर 'टेरियर' बाण घेऊन समुद्रात उतरली. मागोमाग 'टॅलॉस' आणि 'टार्टर' आले. कागदावर तिघेही उत्तम. बोटीवर मात्र इतके रुसत, की साठीच्या दशकात त्यांच्या दुरुस्तीची वेगळी मोहीमच काढावी लागली. साठीच्या अखेरीस टेरियर आणि टार्टरच्या जागी 'स्टँडर्ड' नावाचं नवं घराणं आलं.

या बाणांची एक मोठी अडचण होती. त्यांना स्वतःची नजर नव्हती. बोटीवरच्या रडारनं शत्रूवर झोत धरायचा आणि बाणानं त्या झोताच्या परतीच्या लहरींमागे धावायचं. रात्री एकानं बत्ती धरावी आणि दुसऱ्यानं दगड मारावा, तसाच हा प्रकार. बोटीवर बत्त्या दोन-चारच. एकदम आठ-दहा शत्रू आले तर काय करायचं?

आणि शत्रूही आता बदलला होता. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या लहानशा नावांनी क्षेपणास्त्रं सोडून इस्रायलची 'एलात' ही विनाशिका बुडवली. ४ मे १९८२ रोजी फॉकलंडजवळ ब्रिटिशांच्या 'शेफील्ड'वर एक्झोसेट येऊन धडकलं. २० माणसं गेली. असलं अस्त्र लाटांना घासून येतं. पृथ्वी गोल असल्यामुळे डोलकाठीवरच्या रडारला ते पंधरा-सतरा मैलांवर आल्यावरच दिसतं. मग हाती उरतं जेमतेम दीड मिनिट.

यावर तोड म्हणून १९८३ साली 'टायकोंडेरोगा' ही 'एजिस' यंत्रणेची पहिली बोट आरमारात दाखल झाली. तिचं रडार एकाच वेळी चहूकडे लक्ष ठेवी, आणि बत्तीची गरज बाणाला शेवटच्या काही क्षणांपुरतीच लागे. पण आलेला पाहुणा की चोर, हे अखेर माणसानंच ठरवायचं होतं. ३ जुलै १९८८ रोजी इराणच्या आखातात याच जातीच्या 'व्हिन्सेन्स' बोटीनं वर चढत असलेल्या प्रवासी विमानाला खाली झेपावणारं लढाऊ विमान समजून दोन स्टँडर्ड बाण सोडले. २९० माणसं मेली. यंत्र बरोबर आकडे दाखवीत होतं, हे नंतरच्या चौकशीत दिसलं. बाणांचं कौतुक सांगताना हा दिवस गाळून चालणार नाही.

आता दगडांच्या हिशेबाकडे येऊ. आजच्या अमेरिकन विनाशिकेच्या डेकखाली बाणांच्या ९६ उभ्या विहिरी असतात. विमानासाठी एक जात, बोटीसाठी दुसरी, वरून कोसळणाऱ्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्रासाठी तिसरी, अशी वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला किती येणार? भर समुद्रात त्या पुन्हा भरणं फार अवघड; बंदर गाठावं लागतं. म्हणून 'स्टँडर्ड ६' घडला. जुन्या स्टँडर्डचं अंग, आणि विमानातून सोडायच्या बाणाचं रडार त्याच्या नाकात. बत्तीची गरज सरली. दुसऱ्या बोटीनं वा विमानानं ठावठिकाणा कळवला, की हा क्षितिजापलीकडेही जाऊन शोधतो. २०१३ साली तो सेवेत आला. विमानं पाडणं हे त्याचं मूळ काम; २०१५ च्या चाचण्यांत त्यानं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र पाडलं, आणि जानेवारी २०१६ मध्ये हवाईजवळ 'रूबेन जेम्स' ही सेवेतून काढलेली फ्रिगेट बुडवली.

एकेका बाणाची किंमत मात्र सुमारे ४० लाख डॉलर. २०२३ च्या ऑक्टोबरापासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथींनी स्वस्तातली बिनवैमानिक विमानं आणि क्षेपणास्त्रं सोडायला सुरुवात केली, तेव्हा हा खर्च सर्वांनाच दिसू लागला. ३० जानेवारी २०२४ रोजी एक क्षेपणास्त्र 'ग्रेव्हली' या विनाशिकेच्या मैलभर अंतरात येऊन पोचलं. त्या दिवशी ते पाडलं ते कुठल्या बाणानं नव्हे, डेकवरच्या तोफेनं.