केंडाचे विष

केंड हा कोकणातल्या मच्छीमारांच्या पूर्ण ओळखीचा आणि तरीही टाकून दिला जाणारा मासा. जाळ्यातून काढताच तो टम्म फुगतो. वरचे दोन आणि खालचे दोन असे चार दात जुळून त्याची जणू चोचच झालेली असते. तिने तो जाळ्याचे धागे तोडतो आणि जाळ्यात अडकलेली म्हाकुळ कुरतडून ठेवतो. मासळी निवडतानाच केंड बाजूला काढायचा, पाटीत जाऊ द्यायचा नाही, ही जुनी रीत आहे. या रीतीने किती जीव वाचवले याची नोंद कोणी ठेवली नाही, पण किनाऱ्यावरची अन्नसुरक्षा मुख्यतः तिच्यावरच उभी होती.

कारण केंडाच्या अंगात जीवघेणे विष असते. या विषाचे नाव टेट्रोडोटॉक्सिन. ते मासा स्वतः तयार करत नाही. काही सागरी जिवाणू ते बनवतात आणि खाद्यसाखळीतून ते माशाच्या शरीरात साठते, असे १९८०च्या दशकातल्या संशोधनातून दिसून आले. यकृत आणि गाभोळी यांत त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. आतडी आणि कातडीतही ते सापडते. मांसात सहसा कमी असते, मात्र हे प्रमाण जातीनुसार, ऋतूनुसार आणि नर-मादीनुसार बदलते. मज्जातंतूंतून संदेश वाहण्यासाठी सोडियमचे कण ज्या वाटांनी आत शिरतात, त्या वाटाच हे विष बंद करते. आधी ओठ आणि जीभ बधिर होतात, मग हातपाय लुळे पडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. रुग्णाला बऱ्याचदा अखेरपर्यंत शुद्ध असते. एक-दोन मिलिग्रॅम विष माणसाच्या मृत्यूला पुरते. ते उकळून, तळून किंवा बर्फात ठेवून जात नाही.

युरोपीय दर्यावर्दी जेम्स कुक याला १७७४ मध्ये न्यू कॅलेडोनिया बेटावर याचा अनुभव आला. त्याने आणि सोबतच्या फोर्स्टर पिता-पुत्रांनी अशा माशाचे यकृत आणि गाभोळी नुसती चाखली, तरी हातापायांतली शक्ती गेली. आतडी खाल्लेले डुक्कर सकाळी मेलेले आढळले. जपानमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस तोयोतोमी हिदेयोशीने हा मासा खाण्यावर बंदी घातली. यामागुची प्रांतात ती १८८८ मध्ये उठली. पुढे परवानाधारक आचाऱ्यांची कडक पद्धत रुजली आणि १९८३ पासून यकृत विकण्यास मनाई झाली. विषाला नाव दिले योशिझुमी ताहारा यांनी १९०९ मध्ये. त्याची रचना उलगडायला मात्र १९६४ साल उजाडले.

सुएझ कालवा १८६९ मध्ये सुरू झाला आणि जहाजांबरोबर माशांनाही वाट मिळाली. हिंदी महासागरात आढळणारा चंदेरी गालांचा केंड २००३ मध्ये तुर्कस्तानच्या गोकोवा आखातात नोंदला गेला आणि काही वर्षांतच पूर्व भूमध्य समुद्रभर पसरला. तिथल्या कोळ्यांना तो नवखा होता. त्यामुळे इजिप्त, लेबनॉन आणि इस्रायलमध्ये विषबाधा झाल्या. सायप्रस आणि तुर्कस्तानच्या सरकारांनी तो पकडून देणाऱ्यांना पैसे देण्यास सुरुवात केली. युरोपीय संघात या कुळातला कोणताही मासा विकता येत नाही.

अरबी समुद्रातला केंड उपरा नाही, पण त्याची संख्या वाढली आहे. २००७च्या सुमारापासून केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यावर एक गुळगुळीत कातडीची जात फार मोठ्या प्रमाणात सापडू लागली. तिला खाणारा सकला हा मोठा मासा घटल्याचा यात वाटा असावा, असे सागरी संशोधकांनी मांडले. सिंधुदुर्गातले मच्छीमारही केंडाच्या झुंडींनी जाळी फाडल्याची तक्रार करतात.

किनाऱ्यापासून दूर, निगडीसारख्या ठिकाणी प्रश्न वेगळा होतो. कारखान्यांमुळे वाढलेल्या पिंपरी-चिंचवडच्या या भागात मासळी बर्फातून येते. अख्खा बांगडा किंवा पापलेट कोणीही ओळखेल. पण डोके, कातडी आणि काटे काढलेला पांढरा गोठवलेला तुकडा कोणत्या माशाचा, हे विक्रेत्यालाही नुसते पाहून सांगता येत नाही. ही भीती काल्पनिक नाही. थायलंडमध्ये २००२ पासून बंदी असताना रंग लावलेले केंडाचे मांस सामन म्हणून विकले गेले आणि २००७ मध्ये त्यातून झालेल्या मृत्यूंची बातमी जगभर गेली. त्याच वर्षी शिकागोत मंकफिश म्हणून आयात झालेल्या मासळीचे सूप घेऊन दोघे आजारी पडले. भारतात अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे आणि राज्यात त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. मात्र तुकड्यातली जात ठरवायला डीएनए तपासणी लागते आणि विष मोजायला वेगळी प्रयोगशाळा. म्हणून मासळी शक्यतो अख्खी पाहून घेणे आणि तुकडे घेतल्यास वेष्टनावर जातीचे नाव पाहणे, हाच ग्राहकाच्या हातातला उपाय उरतो.

या विषावर आजही उतारा नाही. उपचार म्हणजे रुग्णाला तातडीने रुग्णालयात नेणे आणि श्वास मंदावल्यास व्हेंटिलेटर लावणे. पहिले चोवीस तास निभावले, तर बहुतेक रुग्ण बरे होतात.