थंडीत मोटारसायकल का रुसते? मॉस्कोच्या वेशीपासून लेहच्या पहाटेपर्यंत (थ्रेड)

डिसेंबर १९४१. मॉस्कोच्या पश्चिमेला पारा उणे ३० अंशांच्याही खाली उतरला होता आणि जर्मन सैन्याच्या मोटारसायकली किक मारून मारूनही सुरू होत नव्हत्या.

हे सैन्य २२ जून १९४१ रोजी सोव्हिएत संघात घुसले, तेव्हा त्याच्या आघाडीला मोटारसायकलस्वारांच्या स्वतंत्र तुकड्या होत्या. साइडकारवर मशीनगन चढवायची, मुख्य सैन्याच्या पुढे धावायचे, वाटेतला पूल शत्रूने उडवण्याआधी ताब्यात घ्यायचा, हे त्यांचे काम. उन्हाळ्यात ते उत्तम चालले. ऑक्टोबरच्या चिखलाने त्यांचा वेग मोडला. चिखल गोठून रस्ता कडक झाला, तेव्हा इंजिनांनीच साथ सोडली.

‘थंडीने इंजिने बंद पडली’ असे वाक्य लिहून इतिहासाची पुस्तके पुढे सरकतात. पण उणे ३० अंशांत पेट्रोल गोठत नाही. मग नेमके बिघडते काय?

पहिला बिघाड इंधनाचा. पेट्रोल जळते ते वाफेच्या रूपात, द्रवरूपात नव्हे. वजनाच्या हिशेबाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, हे मिश्रणाचे आदर्श प्रमाण. कडाक्याच्या थंडीत पेट्रोलमधील केवळ हलके घटक वाफ होतात. उरलेले थेंब होऊन नळीच्या गार भिंतींना चिकटतात. कार्ब्युरेटर योग्य मापाने पेट्रोल देत असला, तरी ठिणगीपर्यंत पोहोचणारे मिश्रण पातळच राहते.

ही अडचण मोटारसायकलीच्या जन्मापासूनची आहे. गोटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ साली बनवलेल्या लाकडी दुचाकीच्या कार्ब्युरेटरमध्ये हवा पेट्रोलवरून नेऊन तिच्यात वाफ मिसळली जाई. वाफ होताना पेट्रोल स्वतःच गार होते, आणि गार झाले की वाफ आणखी मंदावते. (त्या गाडीच्या पहिल्या फेरीला नोव्हेंबरमध्ये त्रास झाला तो मात्र उष्णतेचा. प्रज्वलनाची तापलेली नळी नेमकी बैठकीखाली होती आणि बैठकीने पेट घेतला!) पुढे १८९३ मध्ये मायबाखने पेट्रोलचा बारीक फवारा उडवणारा कार्ब्युरेटर काढला. त्यानंतरचे शतकभराचे कार्ब्युरेटर याच वंशातले.

फवाऱ्यालाही थंडीत मदत लागेच. त्यासाठी दोन युक्त्या रूढ झाल्या. एक म्हणजे चोक: हवेची वाट अडवायची, म्हणजे पेट्रोलचे प्रमाण आपोआप वाढते. दुसरी ब्रिटिश गाड्यांवरची: कार्ब्युरेटरवरचे छोटे बटण दाबून आतला फ्लोट खाली ढकलायचा आणि पेट्रोल पाझरू लागेपर्यंत थांबायचे. बोटांना पेट्रोलचा वास लागला नाही, तर किक मारण्यात अर्थ नाही, हे जुन्या चालकांना शिकवावे लागत नसे.

दुसरा बिघाड वंगणाचा. त्या काळातले ऑईल उन्हाळ्याचे वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे असे. दोन्ही ऋतूंत चालणारी मल्टिग्रेड ऑइले सर्वत्र रुळली ती महायुद्धानंतर. कडक थंडीत घट्ट झालेल्या ऑईलमध्ये पिस्टन हलवणे म्हणजे गुळाच्या काकवीत रवी फिरवणे. शर्यतीच्या गाड्यांत तर एरंडेल वापरत. तापलेल्या इंजिनात ते अप्रतिम, थंडीत मात्र चिकट. म्हणून शर्यतीपूर्वी ते काढून स्टोव्हवर कोमट करण्याची पद्धत होती.

तिसरा बिघाड ठिणगीचा, आणि तो पहिल्या दोहोंना जोडलेला. मॅग्नेटोची ठिणगी तो किती वेगाने फिरतो यावर अवलंबून असते. ऑईल घट्ट म्हणून किक मंद, किक मंद म्हणून ठिणगी क्षीण, आणि क्षीण ठिणगीला पातळ मिश्रण पेटवता येत नाही. बॅटरीवरच्या गाड्यांचीही सुटका नाही, कारण थंडीत बॅटरीची ताकद झपाट्याने घटते. चार-सहा फसलेल्या किकांनंतर प्लग पेट्रोलने भिजतो आणि उरलीसुरली आशाही संपते.

आता पुन्हा मॉस्कोच्या वेशीवर. जर्मन सैनिकांनी इंजिनांखाली शेकोट्या पेटवल्या. काही वाहने रात्रभर सुरूच ठेवली. एक किलोमीटरही पुढे न जाता मोलाचे पेट्रोल जळून गेले. बॅटऱ्या काढून उबदार खोलीत नेल्या. आणि यातूनही सकाळी गाडी सुरू होईल याची खात्री नसे.

सोव्हिएत सैन्याकडे यावर एक साधा उपाय होता. गाडी थांबवण्यापूर्वी, इंजिन गरम असतानाच, ऑईलमध्ये थोडे पेट्रोल मिसळायचे. रात्रभर ऑईल पातळ राहते; सकाळी इंजिन तापले की मिसळलेले पेट्रोल उडून जाते आणि ऑईल पुन्हा मूळ घट्टपणावर येते. जर्मनांनी ही युक्ती पुढे शत्रूकडूनच उचलली.

गंमत अशी, की सोव्हिएत सैन्याची एम-७२ ही मोटारसायकल मुळात बीएमडब्ल्यूच्या आर-७१ या जर्मन गाडीची नक्कल होती: ७४६ घनसेंटिमीटर, २२ अश्वशक्ती. १९४१ च्या अखेरीस तिचा कारखाना मॉस्कोहून उरल पर्वतापलीकडे इर्बित येथे हलवण्यात आला आणि तिथल्या एका जुन्या बिअर कारखान्यात त्याची मांडामांड झाली. १९४२ च्या फेब्रुवारीत तिथल्या गाड्या आघाडीकडे निघाल्या. म्हणूनच ‘जनरल हिवाळ्याने हिटलरला हरवले’ हे लाडके वाक्य अपुरे वाटते. थंडी दोन्ही बाजूंना होती, आराखडाही एकाच घराण्यातला. फरक होता तो हिवाळ्याच्या तयारीचा. जर्मन मोटारसायकल तुकड्या मात्र पुढे १९४२-४३ मध्ये टेहळणी दलांत विलीन झाल्या.

युद्धानंतर याच थंडीचा काही जर्मनांनी सण केला. १९५६ साली मूठभर चालक भर हिवाळ्यात श्टुटगार्टजवळ जमले. त्सुंडाप कंपनीच्या, ‘हिरवा हत्ती’ असे टोपणनाव पडलेल्या गाडीवरून या मेळ्याला ‘हत्तींचा मेळा’ म्हणतात. आजही तो भरतो, बर्फात तंबू ठोकून!

ब्रिटनच्या ओलसर हिवाळ्यात आणखी एक विचित्र रोग आढळे. गाडी व्यवस्थित सुरू होते, १५-२० मिनिटे उत्तम धावते आणि सिग्नलला थांबताच गचके देऊन बंद पडते. पाच मिनिटांनी, काहीही न करता, पुन्हा ठणठणीत! कारण कार्ब्युरेटरच्या घशात साचणारा बर्फ. पेट्रोल उडताना तिथले तापमान २० अंशांपर्यंतही घसरू शकते आणि हवेतली दमट वाफ गोठून वाट अडवते. इंजिनाच्या उष्णतेने बर्फ वितळला की पुरावाही नाहीसा. कोरड्या उणे ३० मध्ये हे सहसा घडत नाही. शून्य ते १० अंश आणि दमट हवा असली की घडते. यासाठीच काही गाड्यांच्या कार्ब्युरेटरना हीटर बसवावे लागले.

महाराष्ट्रातल्या थंडीला असे नाट्य नाही. तरी पुण्यात बनलेला बजाज चेतक आणि हिवाळ्यातली सकाळ म्हटले, की स्कूटर एका बाजूला कलती करणारे वडील पुष्कळांना आठवतील. कलवल्यावर कार्ब्युरेटरमधले थोडे पेट्रोल आत उतरते, असे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण. तसे असेल, तर ब्रिटिश बटणाचे काम चेतकवाले अख्खी स्कूटर वाकवून करत होते.

लेहची पहाट मात्र वेगळे कोडे घालते. थंडीसाठी मिश्रण दाट हवे. पण खारदुंग-ला खिंडीत, ५,३५९ मीटरवर, हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ४० टक्के विरळ असल्याने ते आपोआपच दाट होते. लेहमध्ये पहाटे ज्या चोकने जुनी बुलेट जागी होते, तोच खिंडीत चालू राहिला तर ती काळा धूर ओकत गुदमरते.

कार्ब्युरेटरची जुनी गाडी जपणाऱ्यांना चोकच निदान सांगतो. चोक ओढलेला असेपर्यंत नीट चालणारी गाडी, इंजिन तापल्यावरही तो बंद करताच अडखळत असेल, तर मिश्रण पातळ आहे: संथ गतीचा जेट कचऱ्याने तुंबलेला, नाहीतर कार्ब्युरेटरमागचे रबर चिरून तिथून हवा आत येते. प्लग पांढरट दिसला, तर शंका पक्की. काजळीने काळा असेल, तर दोष उलट बाजूला शोधावा.

एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींवरून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. आता सेन्सर इंजिनाचे तापमान मोजतो आणि संगणक पेट्रोल वाढवतो. चोकचा दांडा उरलेला नाही. अनेक नव्या गाड्यांना किकही नाही. थंड सकाळी त्या रुसल्या, तर पहिला संशय बॅटरीवर घ्यावा.