प्रश्न विचारण्याची विद्या



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारले. माझेही आयुष्य महाविद्यालयात मानसशास्त्र आणि संशोधनपद्धती शिकविण्यात, म्हणजे प्रश्न कसे विचारावेत हे सांगण्यातच गेले. त्या कामातील अडचणी आणि मये गावाने मला दिलेला धडा, एवढेच आज सांगणार आहे.

गोव्यात वैद्यकीय शिक्षण १८४२ पासूनचे. कला व विज्ञान महाविद्यालये मात्र मुक्तीनंतर, १९६२ साली आली : पणजीला धेंपे, मडगावला चौगुले. ती मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये स्थापन झाले. विद्यार्थी घरी कोकणी बोलणारा, शाळेत मराठी शिकलेला, आणि पुस्तक इंग्रजी. प्रयोगाची साधने मोजकीच. प्रयोग करायचे ते वर्गातील मित्रांवर, आणि त्या मित्रांना अपेक्षित उत्तर आधीच ठाऊक असे.

साधनांवाचून पद्धती शिकवायची, तेव्हा मी इतिहासाचा आधार घेई. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने मेस्मरपंथीयांच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची चौकशी करण्यास समिती नेमली, तीत फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. डोळे बांधलेल्या एका मुलाला बागेतील झाडांपाशी नेण्यात आले. चुंबकित केलेले झाड दूरच होते. मुलगा भलत्याच झाडापाशी मूर्च्छित पडला. पुढे १८१३ मध्ये आपल्या कांदोळीत जन्मलेल्या आबे फारियांनी पॅरिसमध्ये प्रयोग मांडले आणि प्रतिपादिले की, निद्रेचे कारण प्रयोगकर्त्याच्या शक्तीत नसून निद्रिस्ताच्या मनात असते. पणजीतील त्यांचा पुतळा सर्वांनी पाहिलेला असतो; त्यामागील हा विचार मात्र वर्गात नव्यानेच सांगावा लागे.

तो विचार मी स्वतः किती कच्चा शिकलो होतो, हे मयेत कळले. माझ्या काही विद्यार्थिनींनी येथे घरोघरी जाऊन चिंतेविषयीची प्रश्नावली भरून आणली. तक्ते नीटनेटके, उत्तरे जवळजवळ एकसारखी. मी त्यांना उत्तम गुण दिले. नंतर एक विद्यार्थिनी संकोचाने म्हणाली, “सर, एका आजीने विचारलं, ‘बाय, हो कागद खंय वतलो?’”

प्रश्नावलीच्या प्रारंभी घर क्रमांक, खोल्या, किती वर्षे वास्तव्य, असे निरुपद्रवी वाटणारे रकाने होते. पण मयेची कहाणी आपण जाणता. पोर्तुगीज काळात एका सरदार घराण्याकडे असलेली जमीन मुक्तीनंतर स्थलांतरितांची मालमत्ता ठरली आणि १९६४ च्या कायद्याखाली कस्टोडियनच्या ताब्यात राहिली. पिढ्यान्‌पिढ्या राहूनही घर आपले म्हणता येईना. मालकी हक्कासाठीचा कायदा व्हायला २०१४ साल उजाडले. अशा गावात कागद घेऊन आलेला माणूस कोणाचा, हाच पहिला प्रश्न. ती उत्तरे चिंतेविषयी नव्हती. कागदाच्या भयाने दिलेली होती. उत्तरांतील एकसारखेपणाला मी एकमत समजलो.

भाषेचाही दोष होता. ‘मला मुलांची काळजी वाटते’ या विधानाला आई ‘हो’ म्हणे, ते कर्तव्य म्हणून. आमच्या गणनेत तो चिंतेचा गुण ठरे. तिच्या बोलीतला ‘हुसको’ प्रश्नावलीत कोठेच नव्हता.

त्यानंतर मी क्रम बदलला. आधी प्रश्नावलीविना गावात जायचे. मग कागद कोठे जाणार, नाव का नको, उत्तर नाकारले तरी चालेल, हे सांगायचे. प्रश्न बोलीत नेऊन दुसऱ्याकडून परत इंग्रजीत आणून पडताळायचे. प्रथम पाचजणांवर तपासायचे. गरज नसलेला रकाना गाळायचा. यामुळे वर्षाचा अभ्यासक्रम अपुरा राही, तक्ते लहान होत. पण त्यांतील उत्तरे खरी असत.

बागेतला तो मुलगा आणि मयेतील ती आजी, दोघांनीही समोरच्याविषयी मनात जे धरले होते त्यालाच उत्तर दिले. फारियांचा सिद्धान्त मी वर्षानुवर्षे शिकविला. तो मला समजला तो आपल्या गावच्या एका ओसरीवर. त्या आजीचे ऋण मानून मी आपली रजा घेतो.